मुख्यालय : पॅरिस

२०२५च्या जुलैत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दिवसाच्या अंतराने दोन मेसेज आले. पहिला : युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दुसरा : युनेस्कोने ‘जन गण मन’ हे जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत असल्याचं जाहीर केलं, भारतीय असाल तर पुढे पाठवा. पहिली बातमी खरी होती. दुसरी ही निदान सतरा वर्षं फिरत असलेली थाप आहे. आपण असं काहीही जाहीर केलेलं नाही, हे युनेस्कोने २००८ मध्येच सांगून टाकलंय. पण दोन्हींखाली तेवढेच तिरंगे आणि तेवढेच जोडलेले हात.

दुसरा मेसेज टाकणारा माझा भाचा. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, हे त्याचं चौथं वर्ष. मी त्याला फोन लावला.

“युनेस्कोची स्थापना कधीची रे?”

“सोळा नोव्हेंबर एकोणीसशे पंचेचाळीस.”

“मुख्यालय?”

“पॅरिस. आत्या, हे काय विचारतेस?”

“मग हे लोक राष्ट्रगीतांची स्पर्धा कधी घेतात?”

तो जरासा थांबला. “घेत असतील की. संस्कृतीचंच काम आहे ना त्यांचं.”

मला त्याच्यावर चिडता आलं नाही, कारण ‘युनेस्को – मुख्यालय : पॅरिस’ ही ओळ मीच लिहिलेली आहे. अकरा वर्षं मी एका प्रकाशनासाठी सामान्य ज्ञानाची गाइडं तयार करत होते. दर जूनला नवी आवृत्ती, मागे नवं मुखपृष्ठ, आत चालू घडामोडींची भर आणि बाकी सगळं तेच. त्यातलंच एखादं पुस्तक घासून घासून त्याने पाठ केलं असणार. तेव्हा पुढे मी जे बोलणार आहे, ते स्वतःला बाजूला ठेवून नाही.

माझं भांडण त्या ओळीशी आहे. ओळ खोटी नाही. खोटी असती तर कुणीतरी पकडली असती. ती नावाची ओळख करून देते आणि माणसाची करून दिल्याचा आव आणते. समजा मेसेज असा असता की, ‘सातारा तालुका भजनी मंडळाने जन गण मनला जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलं.’ भाच्याने क्षणात विचारलं असतं, हे कोण लागून गेले? भजनी मंडळ काय करतं आणि काय करू शकत नाही, हे त्याला ठाऊक आहे. युनेस्कोचं त्याला फक्त गाव माहीत आहे. पत्ता माहीत असला की माणूस ओळखीचा वाटतो, आणि ओळखीच्या माणसाच्या नावावर कुणीही काहीही खपवू शकतं.

किल्ल्यांच्या बातमीमागे काय घडलं होतं? एखाद्या देशाच्या सरकारने स्वतः प्रस्ताव पाठवायचा, त्याचं तज्ज्ञांकडून परीक्षण व्हायचं आणि मग निवडून आलेल्या एकवीस देशांच्या समितीने बैठकीत निर्णय घ्यायचा. म्हणजे युनेस्को सकाळी उठून कुणाला ‘दर्जा’ देत नाही; देशच अर्ज करतात आणि देशच ठरवतात. एवढं एक वाक्य भाच्याला माहीत असतं, तर राष्ट्रगीताचा मेसेज त्याच्या बोटाखाली अडखळला असता. कोणत्या देशाने हा अर्ज केला? कोणत्या समितीने तो मंजूर केला? अकरा वर्षांत हे वाक्य मी एकदाही छापलं नाही. पॅरिस मात्र दर वर्षी छापलं.

नासाचंही तेच. दिवाळीच्या रात्री अवकाशातून झगमगणारा भारत म्हणून एक रंगीत चित्र दर वर्षी फिरतं. ते वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहांची माहिती एकमेकांवर ठेवून, वस्ती कशी वाढत गेली ते रंगांनी दाखवण्यासाठी केलेलं चित्र आहे. २०१२ मध्ये नासाने तसा खुलासा करून सोबत दिवाळीच्या रात्रीचं खरं छायाचित्रही दिलं. ते अर्थातच इतर कुठल्याही रात्रीसारखं दिसत होतं. ते कुणी पुढे पाठवलं नाही.

*

आता मला जे खरोखर सलतं त्याकडे येते.

आमच्या गाइडात प्रश्न होता : ‘भारत संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य केव्हा झाला?’ उत्तर : ३० ऑक्टोबर १९४५. एका वर्षी लातूरकडच्या एका मुलाचं पोस्टकार्ड आलं. अक्षर गोल, वळणदार. त्याने लिहिलं होतं की, आपण १९४७ साली स्वतंत्र झालो, तर १९४५ साली सदस्य कसे झालो, कृपया छपाईची चूक दुरुस्त करावी. मी तारीख पडताळली. बरोबर होती. कार्डावर ‘उत्तर बरोबर आहे’ असा शेरा मारून ते खोक्यात टाकलं. त्याला उत्तर पाठवलं नाही. अकरा वर्षांत आमच्याकडे आलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि मला तो छपाईच्या चुकांच्या खोक्यात ठेवावासा वाटला.

त्याचं उत्तर असं आहे. पहिल्या महायुद्धात भारतातले दहा लाखांहून अधिक सैनिक आणि कामगार ब्रिटिशांसाठी परदेशी गेले. त्या जोरावर १९१९ साली व्हर्सायच्या तहावर ‘भारत’ म्हणून वेगळ्या सह्या झाल्या. सह्या करणारे होते भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह. राष्ट्रसंघाची सनद याच तहाचा भाग होती. तिथे पुढे नव्याने येणाऱ्याला अट होती की, देश, वसाहत जे काही असेल ते पूर्ण स्वयंशासित हवं. पण मुळात सही करणाऱ्यांना ही अट नव्हती. अशा रीतीने पारतंत्र्यातला भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला. ब्रिटनला एक जादा मत मिळालं, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती चुकीची नव्हती.

१९४५ साली तीच खुर्ची सॅन फ्रान्सिस्कोला पुढे सरकली. परिषद एप्रिलमध्ये सुरू झाली तेव्हा नेहरू तुरुंगात होते. सरकारने नेमलेल्या भारतीय शिष्टमंडळातर्फे २६ जूनला सनदेवर ए. रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी यांनी सह्या केल्या. नेहरूंच्या बहीण विजयालक्ष्मी पंडित त्याच गावात, परिषदेच्या दाराबाहेर, हे लोक भारताचे प्रतिनिधी नव्हेत असं सांगत फिरत होत्या. २४ ऑक्टोबरला सनद अमलात आली, कारण त्या दिवशी पाच बडे देश आणि उरलेल्यांपैकी बहुसंख्य यांची मंजुरी पूर्ण झाली. भारताची मंजुरी दाखल झाली ३० तारखेला. आमच्या गाइडातली तारीख ती ही.

गोष्ट इथे संपली असती तर तिला नुसती गुलामीची गोष्ट म्हणता आलं असतं. पण पुढच्याच वर्षी, १९४६ साली, दिल्लीत हंगामी सरकार आलं आणि त्याच खुर्चीवर विजयालक्ष्मी पंडित जाऊन बसल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना जमिनीच्या आणि मतदानाच्या हक्कांत जी वागणूक मिळत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी आमसभेत तक्रार मांडली. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स. सनदेच्या प्रस्तावनेचा पहिला मसुदा, मूलभूत मानवी हक्कांच्या उल्लेखासकट, लिहिणारे हेच गृहस्थ! हा आमचा घरगुती प्रश्न आहे, बाहेरच्यांनी बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, दोन तृतीयांशाची अट जेमतेम ओलांडून, भारताचा ठराव मंजूर झाला. साम्राज्याला एक मत जास्त मिळावं म्हणून जी खुर्ची मांडली गेली, तिच्यावरून साम्राज्यातल्याच एका सरकारविरुद्ध बोललं गेलं, तेही स्वातंत्र्याला आठ महिने बाकी असताना. आणि फाळणी झाल्यावर त्याच खुर्चीमुळे भारताचं सदस्यत्व तसंच चालू राहिलं. पाकिस्तानला मात्र नवा देश म्हणून अर्ज करावा लागला. तो ३० सप्टेंबर १९४७ रोजी मंजूर झाला, त्याविरुद्ध एकट्या अफगाणिस्तानने मत दिलं.

हे सगळं त्या मुलाच्या पोस्टकार्डात होतं. त्याला फक्त दोन तारखा माहीत होत्या, त्या एकमेकांवर आपटल्या आणि ठिणगी पडली. यावर मी पाणी ओतलं.

*

इथे मला दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही भांडायला हवं, नाहीतर ती मला आपल्यातली समजतील. ‘पाठांतर कशाला, गूगल आहे ना, आता तर यंत्राला विचारलं की निबंध लिहून देतं, मुलांना विचार करायला शिकवा,’ असं म्हणणारे सुशिक्षित पालक मला हल्ली फार भेटतात. त्यांची मुलं महागड्या शाळेत जातात आणि पानिपत आधी की प्लासी, हे त्यांना सांगता येत नाही. लातूरच्या त्या मुलाने काय केलं ते पाहा. १९४५ आणि १९४७ हे दोन्ही त्याला पाठ होते म्हणून तर तो अडला. डोक्यात काहीच नसेल तर आपटणार काय? गूगल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं, प्रश्न पडण्याचं काम त्याच्याकडे नाही. मी पाठांतराच्या बाजूची आहे. माझी आजी पावकी-निमकी म्हणायची आणि भाजीवाल्याचा हिशेब त्याच्या आधी करायची.

आमच्या गाइडांचं पाप पाठांतर हे नव्हतंच. तारखा एकमेकींना भेटू नयेत अशी आम्ही व्यवस्था केली, हे ते पाप. ‘महत्त्वाचे दिवस’ पान ४०, ‘जागतिक संघटना व मुख्यालये’ पान ११२, ‘शोध व शास्त्रज्ञ’ पान १८०. मधल्या भिंती पक्क्या.

देवीचंच घ्या. ‘शोध व शास्त्रज्ञ’मध्ये : देवीची लस – एडवर्ड जेन्नर, १७९६. ‘जागतिक संघटना’मध्ये : देवी रोगाचं निर्मूलन झाल्याची जागतिक आरोग्य संघटनेची घोषणा – १९८०. सत्तर पानांच्या अंतरावर दोन ओळी. वजाबाकी करा : १८४ वर्षं. लस हातात असून १८४ वर्षं का लागली? हा प्रश्न माझ्या पुस्तकातून कुणालाही पडला नाही. मलाही नाही, आणि प्रुफं मी वाचत होते.

त्यातही ही लस आपल्याकडे फार उशिरा आली असं नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतातलं हे पहिलं लसीकरण. बगदाद-बसऱ्याकडून ती दंडादंडांतून आली होती : एकाच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात, त्याला फोड आला की तिसऱ्याच्या. साखळी तुटली की लस संपली. उन्हाळ्यात टिकेना, लांब नेता येईना. विसाव्या शतकाच्या मध्यावर गोठवून वाळवलेली, उष्णतेत महिनाभर टिकणारी लस चांगल्या रीतीने करता यायला लागली, तेव्हा ती अडचण सुटली. साठच्या दशकात दोन टोकांची सुई आली. तिच्या टोकांमध्ये एक थेंब धरायचा आणि दंडावर पंधरा वेळा टोचायचं. साधारण पाव भाग लशीत काम होई, आणि कुणालाही ते थोड्याच वेळात शिकवता येई. आपल्या घरातल्या मोठ्यांच्या दंडावरच्या गोल खुणा पाहा, त्यांतल्या बऱ्याच या सुईच्याही आधीच्या, फिरवून टोचायच्या चकतीच्या आहेत.

तरी देवी जाईना, कारण सगळ्यांनाच टोचायचं असं ठरलं होतं आणि सगळे कधीच सापडत नाहीत. १९६६च्या अखेरीला पूर्व नायजेरियात विल्यम फॉगी या डॉक्टरकडे लस अपुरी होती. त्याने नाइलाजाने वेगळा मार्ग काढला : रोगी कुठे आहे ते शोधायचं आणि त्याच्या भोवतालच्या माणसांनाच टोचायचं. साथ थांबली. आग लागलेल्या घराच्या शेजारच्या गंज्या आधी भिजवाव्यात, तसा प्रकार. भारतात हेच घरोघर जाऊन केलं गेलं. हातात देवी आलेल्या मुलाच्या चित्राचं कार्ड, आणि ‘असं कुणी पाहिलंत का?’ हा प्रश्न. कळवणाऱ्याला बक्षीस. १९७४ साली बिहारमध्ये भयंकर साथ होती; मे १९७५ नंतर देशातला रोगी सापडला नाही. निसर्गतः देवी झालेला जगातला शेवटचा माणूस ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात आढळला.

आणि हे कुणी सुचवलं? १९५८ साली सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी, तेही अमेरिकेत मिनियापोलिसला भरलेल्या सभेत. नंतर मोहिमेचा प्रमुख अमेरिकन, आणि लशीचा मोठा साठा रशियाचा. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले दोन देश. ‘शीतयुद्ध’ हे प्रकरण आमच्याकडे पान ६६ वर होतं.

*

विज्ञानाच्या भागाबद्दल फार बोलत नाही, लाज वाटते. ‘पाण्याचा उत्कलनबिंदू – १०० अंश सेल्सिअस.’ हवेच्या कोणत्या दाबाला, ते नाही. कळसूबाईच्या माथ्यावर पाणी ९५च्या आसपासच उकळतं, लेहला ८८ च्या, आणि घरच्या कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे १२०पर्यंत जाईतो उकळत नाही. म्हणून तर डाळ लवकर शिजते. पातेल्यात पाणी खळखळायला लागल्यावर गॅस मोठा ठेवून ते आणखी तापत नाही, फक्त वाफ आणि सिलिंडर जातो. हे माझ्या आईला नियमाशिवाय माहीत होतं. माझ्या पुस्तकातून नियम पाठ करणाऱ्याला तो कुकरला लागू होतो, हे माहीत नसायचं.

आता जे म्हणतील की लाखो उमेदवारांची परीक्षा घ्यायची तर दुसरा उपायच नाही, त्यांचं मी मनापासून ऐकते. एका ओळीच्या उत्तराला ओळख लागत नाही, आडनाव लागत नाही, शहरी इंग्रजी लागत नाही. उत्तरतालिका लागली की कोल्हापूरच्या वकिलाचा मुलगा आणि मेळघाटातला मुलगा एका रांगेत. २०२३च्या सुरुवातीला राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याविरुद्ध पुण्याच्या रस्त्यावर मुलं बसली, तेव्हा त्यांना घोकंपट्टीवाले म्हणून हिणवणारे लेख आले. मला ते लेख हलके वाटले. ज्याने चार वर्षं आणि बापाच्या जमिनीचे पैसे एका पद्धतीत घातले आहेत, त्याला खेळ अर्ध्यावर असताना नियम बदलले म्हणून राग येणारच. निबंध तपासणारा आपल्या भाषेला हसणार नाही, याची खात्री त्याला कुणी दिली होती? बदल शेवटी २०२५पर्यंत पुढे ढकलला गेला.

पण चार पर्यायांच्या प्रश्नातच हे अडकलंय, असं मात्र कुणी सांगू नये. हा प्रश्न बघा : कळसूबाईच्या माथ्यावर उघड्या पातेल्यात डाळ शिजायला पायथ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण – (अ) वर थंडी जास्त असते, (आ) वर पाणी कमी तापमानाला उकळतं, (इ) वरचं पाणी जड असतं, (ई) वर लाकूड नीट पेटत नाही. मशीनला हाही तपासता येतो, त्याच काळ्या गोळ्याने. किंवा : १९४५ साली स्वतंत्र नसूनही भारत संयुक्त राष्ट्रांचा मूळ सदस्य कसा? चार कारणं द्या, एक बरोबर ठेवा. खर्च शून्य. आडनाव इथेही लागत नाही. हे होत नाही, कारण असा एक प्रश्न काढायला अर्धा दिवस लागतो आणि मुख्यालयांचे शंभर प्रश्न संध्याकाळपर्यंत होतात. हे मी अनुभवावरून सांगते; मला प्रश्नामागे पैसे मिळायचे.

काम सोडायच्या आधीच्या वर्षी मी एक सुचवून पाहिलं होतं. प्रत्येक पानाच्या तळाशी फक्त तीन ओळी, दुसऱ्या पानाशी जोडणाऱ्या. जेन्नरच्या पानाखाली : ‘पान ११२ पाहा. मधली १८४ वर्षं का लागली?’ एवढंच. प्रकाशकांनी नमुन्याचं पान नीट वाचलं, वाईट म्हणाले नाहीत. मग कॅल्क्युलेटर ओढला, पानांची संख्या मोजली, कागदाचा भाव लावला.

“बत्तीस पानं वाढतात, मॅडम,” ते म्हणाले. “किंमत अठरा रुपयांनी चढेल. शेजारच्याचं पुस्तक स्वस्त पडेल.”

त्या जूनला मुखपृष्ठ निळं केलं.